हाशी हातात घेण्याआधी

मनू, तुझ्या बॅगेत आईनं मेतकूट, गोडा मसाला आणि कैरीचं लोणचं कोंबलं असणार, हे मला बघायचीही गरज नाही. नागोयाला पोचल्यावर काही दिवस तुझं त्यावर भागेल. पण ऑफिसात नवीन माणूस आलं की तिथे सगळे मिळून त्याला जेवायला नेतात, आणि तेव्हा मेतकूट कामाला येत नाही. परवा फोनवर तू पगार, घर, थंडी सगळं सोडून एकच प्रश्न विचारलास, "ताई, त्या काड्यांनी जेवायला मला जमेल ना गं?"

जमेल गं. ते तर सगळ्यात सोपं आहे. भाषेच्या क्लासात तुला व्याकरण शिकवलं, वाकून नमस्कार कसा करायचा ते शिकवलं, व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं हेही शिकवलं. ताटावर कसं बसायचं ते मात्र घरातल्या मोठ्या माणसानंच सांगावं लागतं. म्हणून आज जरा निवांत बस.

त्या काड्यांना तिथे हाशी म्हणतात. आधी हातात काय धरायचं ते ठरवू. ऑनलाइन मागवशील तर चकचकीत प्लास्टिकच्या घेऊ नकोस, त्या घसरतात. साध्या लाकडाच्या किंवा बांबूच्या घे, टोकाला थोडा खरखरीतपणा किंवा बारीक खाचा असलेल्या. फुकुई प्रांतात ओबामा नावाचं गाव आहे, तिथल्या रोगण चढवलेल्या, शिंपल्याची नक्षी असलेल्या हाशी फार देखण्या असतात. त्या पुढे आईबाबांना भेट म्हणून आण. शिकायला त्या नकोत, गुळगुळीत असतात. लांबीचाही विचार कर. अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताण, दोन्हींच्या टोकांमधलं अंतर मोज आणि त्याच्या दीडपट लांबीची जोडी घे. हा जपानी लोकांचा जुना हिशेब आहे. दुकानात बायकांसाठी साधारण २१ सेंटिमीटरच्या आणि पुरुषांसाठी २३ सेंटिमीटरच्या मिळतात, पण तुझी बोटं लांबसडक आहेत, तेव्हा दुकानदाराचं न ऐकता हात मोजून घे.

आता पकड. पहिली काडी अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात टेकव आणि पुढे करंगळीशेजारच्या बोटावर विसावू दे. ही काडी जेवण संपेपर्यंत जागची हलत नाही. दुसरी काडी तिच्या वर, पेनासारखी धर. अंगठ्याचं टोक, तर्जनी आणि मधलं बोट तिला सांभाळतात. हलते ती फक्त हीच, वरची. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं, दोन्ही काड्या एकदम हलवायला जातात आणि त्या एकमेकींवर चढून तिरक्या होतात. सुरुवातीला घास उचलायचाच नाही. खालची काडी एकटीच धर आणि स्थिर ठेव. मग वरची एकटीच धरून वरखाली कर. दोन्ही वेगवेगळ्या जमल्या की एकत्र घे. पकड टोकाजवळ नको. काडीची लांबी तीन भागांत वाटलीस तर वरचा एक भाग हाताच्या मागे राहायला हवा. मनगट दुखायला लागलं तर समज की तू फार आवळून धरते आहेस. घास पडेल या भीतीनं माणूस मूठ घट्ट करतो, आणि त्यामुळेच घास पडतो.

सराव घरातल्याच पदार्थांवर कर. पहिल्यांदा पनीरचे किंवा ढोकळ्याचे तुकडे घे. ते जमले की भिजवलेले काबुली चणे, मग शेंगदाणे. शेंगदाणा उचलता आला की भाताकडे वळ. आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेव, आपल्या कोलमच्या किंवा बासमतीच्या मोकळ्या भातावर सराव करून रडायला येईल. जपानी तांदूळ आखूड दाण्याचा असतो, त्यात अमायलोज कमी, म्हणून शिजल्यावर दाणे एकमेकांना धरून राहतात आणि त्याचा गोळाच उचलता येतो. तुझ्याकडे त्याच्या जवळ जाणारा भात कोणता, तर मावळातला इंद्रायणी. थोडा आसट शिजव, वाटीत घे आणि रोज रात्रीचं जेवण त्याच्यावर कर. निघेपर्यंत हात आपोआप चालायला लागेल. मग निवांत जा.

झालं, हाताचं काम संपलं. आता खरं सांगते.

तिथे हाशी कशा वापरू नयेत याची एक लांबलचक यादीच आहे. त्याला किराईबाशी म्हणतात, आणि प्रत्येक चुकीला स्वतंत्र नाव आहे. तू ती यादी नेटवरून उतरवून पाठ करायला बसशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. नको करू. त्यातल्या बहुतेक नियमांच्या मुळाशी दोनच गोष्टी आहेत, मृत्यूची आठवण ताटावर आणायची नाही आणि उष्टं दुसऱ्यापर्यंत पोचू द्यायचं नाही. आपल्या घरात वाढलेल्या मुलीला या दोन्ही गोष्टी कुणी नव्यानं शिकवायला नकोत.

पहिली गोष्ट आधी, कारण इथे चूक झाली तर पंगतीचा चेहराच उतरतो. भाताच्या वाटीत हाशी उभ्या खोचून ठेवायच्या नाहीत. कधीच नाहीत. पाणी प्यायचं असो, फोन वाजो, फोटो काढायचा असो. त्यांच्याकडे माणूस गेलं की त्याच्या उशाशी भाताची शिगोशीग वाटी ठेवतात आणि त्या भातात हाशी उभ्या रोवतात. त्याला माकुरामेशी म्हणतात. तू जेवताना तसं केलंस की समोरच्याला ती वाटी दिसते. दहाव्याला पिंड मांडलेले तू पाहिलेस ना? तसा भाताचा गोळा कुणी रोजच्या ताटात मधोमध ठेवून वर दर्भ खोचला तर आजीला कसं वाटेल, एवढंच मनात आण. मग नियम पाठ करावा लागत नाही.

मृत्यूशीच जोडलेली दुसरी बंदी याहून नाजूक आहे. एका हाशीतून दुसऱ्या हाशीत घास द्यायचा नाही. शेजारच्या मुलीनं प्रेमानं टोफूचा तुकडा उचलला आणि तुझ्याकडे केला, तर तू तुझ्या काड्यांनी तो झेलायचा नाही. तुझी छोटी बशी पुढे कर, ती त्यात ठेवेल. यामागचं कारण असं, की दहनानंतर तिथे घरची माणसं अस्थी वेचतात ती हाशींनी. कोत्सुआगे म्हणतात त्या विधीला. दोघे मिळून एकच अस्थी उचलतात किंवा एकानं उचललेली दुसरा आपल्या हाशीत घेतो, आणि ती कलशात ठेवतात. पायांच्या अस्थींपासून सुरुवात करून डोक्याकडे जातात, म्हणजे कलशात गेलेलं माणूस उलटं राहत नाही. या कामाला वापरायच्या हाशींमध्ये एक बांबूची आणि एक लाकडाची असण्याची रीत आहे, त्यामुळे जेवताना बेजोड काड्या घेणंही टाळतात. आपण अस्थी वेचायला जाणारी माणसं आहोत, मनू. आजोबांच्या वेळी बाबा आणि काका गेले होते. जपानी माणसाला ताटावर तो क्षण का नको असतो, हे युरोपातून आलेल्या पाहुण्यापेक्षा तुला लवकर कळेल.

या दोन गोष्टी सांभाळ. बाकीच्या सगळ्या चुका हसून सोडून देतात, या दोन सोडत नाहीत. म्हणजे तोंडावर कुणी बोलणार नाही, पण टेबलावर क्षणभर सगळे गप्प होतील.

आता उष्टं. हे तर आपलं माहेरचं शास्त्र. आपल्याकडे जेवत्या हातानं भाजीच्या पातेल्यातला डाव धरला की आई कशी ओरडते! तिथेही तेच, फक्त हाताच्या जागी हाशी. टेबलाच्या मध्ये मोठ्या ताटलीत पदार्थ आला की त्याच्याबरोबर वाढायच्या वेगळ्या हाशी येतात, तोरीबाशी. त्यांनी आपल्या बशीत वाढून घ्यायचं, त्या जागेवर ठेवायच्या, मग आपल्या हाशींनी खायचं. तोंडात घातलेली काडी सगळ्यांच्या भांड्यात बुडवायची नाही. जवळच्या मित्रमंडळींत मात्र कुणीतरी "जिकाबाशी दे ई यो" म्हणेल, म्हणजे थेट आपापल्या हाशींनी घ्या, चालेल. असं कुणी म्हटल्याशिवाय तू सुरुवात करू नकोस. तू नवी आहेस, वयानंही लहान आहेस.

काहीजणी काडी उलटी करून मागच्या टोकानं वाढून घेतात आणि आपण फार शहाणपणा केला असं समजतात. तू ते करताना लोकांना पाहशील, कॉलेजची मुलं सर्रास करतात. पण जुनी माणसं नाक मुरडतात, कारण ते टोक हातात धरलेलं असतं आणि पुढे दोन्ही टोकं बरबटतात. शिवाय नव्या वर्षाच्या जेवणाला तिथे दोन्ही टोकं निमुळती असलेल्या खास हाशी काढतात. एका टोकानं माणूस जेवतो आणि दुसरं टोक देवाचं असतं. नैवेद्याच्या पानाला आपण हात लावतो का? मग झालं तर. वाढायच्या हाशी दिसल्या नाहीत तर मागून घे, कुणी काही म्हणत नाही.

घरीसुद्धा प्रत्येकाची हाशी वेगळी असते, नवऱ्याची वेगळी, बायकोची वेगळी, मुलांची वेगळी. कुणाकडे राहायला गेलीस तर ओट्यावर वाळत ठेवलेल्या जोड्यांतली एखादी उचलू नकोस. पाहुण्यांना ते कागदी पाकिटातली नवी जोडी देतात. मूल साधारण शंभर दिवसांचं झालं की त्याला पहिली हाशी आणि छोटी वाटी देऊन घरातलं वडीलधारं माणूस मांडीवर घेतं, आणि घास भरवल्यासारखं करतं. आपल्या उष्टावणाचं हे त्यांच्याकडचं रूप. ज्या देशात माणसाची ओळख हाशीपासून सुरू होते, तिथे दुसऱ्याची हाशी उचलणं कसं दिसेल ते तूच सांग.

आता तुला एक गोष्ट उलटी करावी लागणार आहे. लहानपणापासून आपल्याला सांगितलंय की डावा हात ताटाला लावायचा नाही. तू सवयीनं तो मांडीवर ठेवशील आणि वाकून वाटीतून खाशील. तिथे हे आळशीपणाचं समजतात. भाताची वाटी आणि मिसो सूपची वाटी डाव्या हातानं उचलून छातीशी आणायची, खालचा कठडा बोटांवर आणि अंगठा काठावर, आणि मग खायचं. तोंड वाटीकडे न्यायचं नाही. वाटी उचलल्यावर हाशी घ्यायची, दोन्ही एकदम उचलायचं नाही. सूपला चमचा मिळणार नाही. आतले टोफूचे तुकडे, समुद्री वनस्पती हाशींनी खायची आणि पाणी वाटीला तोंड लावून प्यायचं. आपल्याकडे वाटीतली कढी पितोच की. मोठी ताटली आणि माशाची डिश मात्र जागेवरच राहते.

माशाचं निघालं म्हणून सांगते, कारण तुला मासे प्रिय आहेत. भाजलेला अख्खा मासा आला तर वरच्या बाजूचं मांस डोक्याकडून शेपटीकडे खात जा. ते संपलं की मासा उलटा करायचा नाही. मधला काटा डोक्यासकट वर उचलून बाजूला ठेवायचा आणि खालचं मांस खायचं. काटे बशीच्या एका कोपऱ्यात गोळा कर. कोकणातली पोरगी आहेस, तिथल्या कितीतरी पोरांपेक्षा तुझं पान स्वच्छ राहील, आणि ते त्यांच्या लक्षात येतं.

बारीकसारीक गोष्टी भराभर सांगते. कुणाकडे हाशीनं बोट दाखवल्यासारखं करू नकोस. काय घेऊ, काय घेऊ करत काड्या पदार्थांवरून फिरवू नकोस, आधी ठरव, मग हात पुढे कर. निसटणारा बटाटा भाल्यासारखा भोसकू नकोस, दाबून दोन तुकडे कर. खालचा चांगला तुकडा शोधायला भांडं उकरू नकोस. हाशीनं वाटी स्वतःकडे ओढू नकोस. काड्यांची टोकं जुळवायला बशीवर ठक्ठक् करू नकोस, डाव्या हाताच्या बोटांनी सारख्या कर. आणि एक, जे आपल्याला फार सभ्य वाटतं, घासाखाली डाव्या हाताचा तळवा धरणं, ते तिथे चांगलं समजत नाहीत. त्यापेक्षा छोटी बशी हातात घे.

हॉटेलात बहुतेक ठिकाणी वारीबाशी मिळतील, मधोमध तोडून वापरायच्या लाकडी काड्या. नारा प्रांतातल्या योशिनोत त्या जपानी देवदाराच्या कापून उरलेल्या कडांपासून करतात. त्या मांडीवर आडव्या धरून, वरची वर ओढून तोड. शेजाऱ्याला कोपर लागत नाही. तोडल्यावर दोन्ही एकमेकींवर घासू नकोस. तसं केलं तर यजमानाला वाटतं की तुमच्या काड्या हलक्या, कुसळांच्या आहेत असं तू सुचवते आहेस. खाताना थांबलीस तर हाशी वाटीवर आडव्या टाकायच्या नाहीत, त्या हाशीओकीवर, म्हणजे त्यांच्या छोट्या ठोकळ्यावर ठेवायच्या. ठोकळा नसला तर कागदी पाकिटाची घडी घालून त्यावर टेकव. त्या टेबलाच्या काठाला समांतर, टोकं डावीकडे. जेवण झालं की काड्या परत पाकिटात घाल आणि पाकिटाचं टोक थोडं दुमड, म्हणजे वापरलेल्या आहेत हे आवरणाऱ्याला कळतं.

कंपनी तुला अधूनमधून सोलला किंवा शांघायला पाठवेल असं म्हणालीस, तर तिथे हे सगळं जसंच्या तसं नेऊ नकोस. कोरियात काड्या धातूच्या आणि चपट्या असतात, त्यांच्याबरोबर लांब दांड्याचा चमचा असतो. भात आणि सूप चमच्यानं खातात, आणि वाटी टेबलावरून उचलत नाहीत. वडीलधाऱ्यांनी चमचा उचलल्याशिवाय आपण सुरुवात करायची नाही, हे मात्र आपल्यासारखंच. चीनमध्ये काड्या लांब आणि बोथट असतात, कारण मोठं टेबल, मध्ये सगळ्यांची ताटं, लांबून उचलावं लागतं. काड्यांचं मूळ घर तेच. आन्यांगजवळच्या यिनशूच्या उत्खननात ब्राँझच्या काड्या सापडल्या, त्या तीन हजार वर्षांहून जुन्या आहेत. तिथे काड्या पानाच्या बाजूला उभ्या, टोकं समोर करून ठेवतात. भातात उभ्या खोचू नयेत हे मात्र तिन्ही देशांत सारखंच. तेवढं एक धरून ठेवलंस तरी कुठे अडणार नाहीस.

आणि सगळीकडे काड्याच चालवायच्या असा हट्ट धरू नकोस. सुशी हातानं खाल्ली तरी ते शिष्टाचाराला धरूनच असतं. करीराईस तर जपानी माणूसही चमच्यानंच खातो. तोक्योतल्या नाकामुराया या दुकानात १९२७ मध्ये आपल्या रासबिहारी बोसांनी भारतीय पद्धतीची करी सुरू केली. ती आजही तिथे मिळते. तोक्योला गेलीस की जरूर खा, चमच्यानं. नूडल्स सूर्र करून ओढल्या तर कुणी रागावत नाही, उलट तीच रीत आहे.

जेवायला बसलीस की हात जोडून "इतादाकिमास" म्हण, उठताना "गोचिसोसामा". वदनि कवळ म्हणत वाढलेल्या पोरीला यात अवघडायचं काय? कुणीतरी नक्की म्हणेल, "अरे वा, हाशी किती छान वापरतेस!" परदेशी माणसाला हे कौतुक ठरलेलं असतं, पाच वर्षं राहिलेल्यालाही ऐकावं लागतं. फुलून जाऊ नकोस आणि चिडूही नकोस. "अजून शिकतेय" म्हण आणि पुढचा घास घे. गंमत म्हणजे चुकीच्या पकडीनं जेवणारे जपानी लोकही तुला पुष्कळ दिसतील. त्यांच्या आया त्यांना अजून टोकतात.

तेव्हा पकडीची काळजी सोड. पकड वाकडी असली तरी पोट भरतं आणि कुणाचं मन दुखावत नाही. भातात काडी उभी करू नकोस, काडीतून काडीत घास घेऊ नकोस, सगळ्यांच्या भांड्यात उष्टी काडी घालू नकोस. एवढं सांभाळून एखाद्या दिवशी अगदीच जमेना, तर सरळ चमचा माग. भुकेलं उठण्यापेक्षा चमच्यानं जेवलेलं बरं, असं तिथल्या कुठल्याही आईलाही वाटेल.